आजाराआधीची गोळी

अलास्काच्या नैर्ऋत्येला, कस्कोक्विम नदीच्या काठी बेथेल नावाचं लहानसं गाव आहे. १९५७ साली तिथे जॉर्ज कॉमस्टॉक हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले डॉक्टर एक वेगळीच मागणी घेऊन आले. आसपासच्या खेड्यांतले यूपिक लोक तेव्हा क्षयानं पोखरले होते. घराघरात रुग्ण होते. पोरंबाळं दूरच्या सॅनेटोरियममध्ये पाठवली जात, आणि गेलेली सगळीच परत येत नसत. कॉमस्टॉकना मात्र रुग्णांकडे जायचं नव्हतं. ज्यांना खोकला नाही, ताप नाही, जे धडधाकट हिंडत-फिरत आहेत, त्यांनी वर्षभर औषध घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

निम्म्या घरांना आयसोनियाझिड हे औषध मिळालं. उरलेल्या घरांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाच्या वाट्याला काय आलं हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. लोकांना जे घ्यायला सांगायचं ते आपण टाळायचं, हे कॉमस्टॉकना पटणारं नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही हे औषध घेतलं. पुढे हिशेब मांडला तेव्हा औषध मिळालेल्या घरांत नवा क्षय जवळपास दोन तृतीयांशांनी घटलेला दिसला. एकोणीस वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर ते संरक्षण तेव्हाही टिकून होतं.

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना क्षयापासून कसं वाचवायचं, या प्रश्नाचं उत्तर अशा रीतीनं एचआयव्हीचं नाव कोणी ऐकण्याच्या पंचवीस वर्षं आधीच अर्धं तयार होतं. तरीही ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती, त्यांच्या हातात ती गोळी पडायला पुढची निम्मी शताब्दी गेली. त्या विलंबाचा हा इतिहास आहे.

आयसोनियाझिड तयार झालं १९१२ साली, प्रागमध्ये. हान्स मायर आणि योसेफ माली या दोघांनी पदवीच्या कामासाठी ते बनवलं, त्याची नोंद केली आणि विषय तिथेच संपला. क्षयावर ते चालेल असा विचारही कोणाच्या मनात नव्हता. चाळीस वर्षं ते रसायन कागदावर पडून राहिलं. १९५१-५२ मध्ये होफमन-ला रोश, स्क्विब आणि बायर या तीन कंपन्यांना एकमेकींचा पत्ता नसताना त्याचा गुण सापडला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात एडवर्ड रॉबिट्झेक आणि आयर्विंग सेलिकॉफ यांनी ते मरणाच्या दारातल्या रुग्णांना दिलं. अन्नावरची वासना उडालेली माणसं जेवण मागू लागली, त्यांची वजनं वाढली, काही जण तर वॉर्डातच नाचले. त्या नाचाची छायाचित्रं वृत्तपत्रांतून जगभर गेली.

याच्याइतका गाजावाजा न झालेलं निरीक्षण एडिथ लिंकन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचं होतं. न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात त्या क्षयाचा पहिला संसर्ग झालेल्या मुलांवर उपचार करत. अशा मुलांना मेंदूच्या आवरणाचा क्षय होण्याची मोठी धास्ती असे. आयसोनियाझिड सुरू झालेल्या मुलांना तो होतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाई सरकारी आरोग्य खात्याकडे गेल्या आणि याची रीतसर तपासणी करा म्हणून सांगितलं. त्यातून १९५५ नंतरच्या मोठ्या चाचण्या उभ्या राहिल्या. शर्ली फेरबी यांनी त्यातल्या बऱ्याचशा सांभाळल्या, आणि बेथेलची चाचणीही याच मालिकेतली.

ही गोळी नेमकं काय करते, ते इथे सांगायला हवं. क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला की दहातल्या नऊ माणसांचं शरीर त्याला मारू शकलं नाही तरी कोंडून ठेवतं. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गढी उभी करतात. आत जंतू जिवंत असतो, बाहेर पहारा असतो, आणि माणूस ऐंशी वर्षं सुखानं जगतो. हा झाला सुप्त संसर्ग. पहारा ढिला पडला की जंतू गढी फोडून बाहेर येतो आणि मग आजार होतो. आयसोनियाझिड आतल्या जंतूला तो कोंडलेला असतानाच मारतं.

यात एक मेख आहे, आणि पुढचा बराच इतिहास तिच्याभोवती फिरतो. कोंडलेले जंतू संख्येनं थोडे असतात, म्हणून एकट्या औषधानं भागतं. आजार झालेल्या फुप्फुसात मात्र ते कोट्यवधी असतात. त्यांतले काही मूळचेच आयसोनियाझिडला दाद न देणारे असतात. अशा माणसाला एकटंच औषध दिलं, तर बाकीचे मरतात, हे उरतात आणि फोफावतात. म्हणून ही गोळी देण्यापूर्वी समोरच्याला आज क्षय नाही, याची खात्री करावी लागते. ती खात्री कशी करायची, यावर डॉक्टरमंडळी पन्नास वर्षं अडून राहिली.

दुसरी भीती यकृताची. १९७० साली वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल हिलवरच्या २,३२१ कर्मचाऱ्यांना ही गोळी सुरू केली, तेव्हा १९ जणांना कावीळ किंवा यकृताची सूज आली आणि त्यांतले दोघे दगावले. आजारी माणसाला औषधानं इजा झाली तर लोक समजून घेतात. निरोगी माणूस गोळीनं मेला तर त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. अमेरिकेतही डॉक्टरांचा हात तेव्हापासून आखडला.

गरीब देशांनी तर हा मार्ग कधी धरलाच नव्हता, आणि त्यांची कारणं भक्कम होती. १९५६ साली मद्रासमध्ये क्षय उपचार केंद्र सुरू झालं. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दाखवून दिलं की झोपडीत राहून गोळ्या घेणारा रुग्ण सॅनेटोरियममध्ये राहणाऱ्या रुग्णाइतकाच बरा होतो. जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडण्यामागे या मद्रासच्या कामाचा मोठा वाटा आहे. त्यातून एक सूत्र पक्कं झालं: जो खोकतो आणि ज्याच्या थुंकीत जंतू दिसतात, त्याला आधी शोधा, त्याला पुरतं बरं करा, म्हणजे प्रसार थांबेल. ज्या देशात मोठ्या लोकसंख्येच्या अंगात जंतू सुप्त आहे, तिथे निरोग्यांना गोळ्या वाटत बसणं परवडणारं नव्हतं. तेव्हा हे सूत्र बरोबरच होतं. पण परिस्थिती बदलल्यावरही ते ब्रह्मवाक्य होऊन बसलं.

परिस्थिती बदलली १९८१ नंतर. एचआयव्हीचा विषाणू शरीरातल्या सीडी-फोर पेशी मारतो, आणि गढीवरचे पहारेकरी म्हणजे प्रामुख्यानं याच पेशी. एरवी अंगात जंतू असलेल्या माणसाला आयुष्यभरात क्षय होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के. एचआयव्ही असेल तर जवळपास तेवढीच शक्यता दर वर्षाला. हे आकड्यात प्रथम ठळकपणे मांडलं ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पीटर सेल्विन यांनी. हेरॉइनचं व्यसन सोडवण्यासाठी मेथाडोन घ्यायला येणाऱ्या लोकांवर त्यांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. १९८९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्या आणि सुप्त संसर्ग ओळखणारी ट्युबरक्युलिनची चाचणी आधीच सकारात्मक आलेल्या ४९ जणांपैकी सात जणांना तेवढ्या काळात क्षय झाला होता. एचआयव्ही नसलेल्या तीनशेवर लोकांत एकालाही झाला नाही.

बेथेलची गोळी आता ब्रॉन्क्सला हवी होती. पण पहारेकरीच नसलेल्या गढीत ती काम करेल का? याचं उत्तर हैतीतून आलं. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं १९८३ मध्ये एड्सच्या 'धोक्याच्या गटां'त हैतीच्या लोकांचं नाव घातलं होतं. एका अख्ख्या राष्ट्राच्या कपाळी तो शिक्का बसला, पर्यटक यायचे थांबले, परदेशांत हैतीच्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. दोन वर्षांनी नाव काढलं, पण डाग पुसला गेला नाही. त्याच हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स इथे जाँ विल्यम पॅप यांनी १९८२ साली गेस्कियो नावाची संस्था सुरू केली होती. तिथे ११८ एचआयव्हीबाधितांपैकी ५८ जणांना वर्षभर आयसोनियाझिड आणि ब-६ जीवनसत्त्व दिलं, तर ६० जणांना नुसतं जीवनसत्त्व. (आयसोनियाझिडनं हातापायांना मुंग्या येतात, त्या ब-६ नं टळतात.) नुसतं जीवनसत्त्व घेणाऱ्यांत शंभर माणसांमागे वर्षाला ७.५ जणांना क्षय झाला. आयसोनियाझिड घेणाऱ्यांत हा आकडा २.२ होता. १९९३ साली हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

अभ्यास लहान होता, पण त्यानं वाट दाखवली. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, युगांडातल्या कंपाला इथल्या २,७३६ लोकांवरच्या चाचणीचा निकाल आला. ट्युबरक्युलिन सकारात्मक असलेल्यांना सहा महिने आयसोनियाझिड दिलं, तर क्षयाचा धोका दोन तृतीयांशांनी उतरतो, असं तिथे दिसलं. बेथेलमध्ये दिसलेलं प्रमाण जवळपास हेच होतं. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यांनी एचआयव्हीबाधितांना ही गोळी द्यावी असा धोरणात्मक सल्ला दिला.

एवढं झाल्यावर गोळी गावोगावच्या दवाखान्यांत पोचली असेल, असं कोणालाही वाटेल. २००७ साली साऱ्या जगात एचआयव्हीसह जगणारे तीन कोटींहून अधिक लोक होते. त्यांतल्या सुमारे ३०,००० जणांना ती मिळाली. हजारात एक. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छपाईत शून्य गळलं असावं असं मला वाटलं होतं.

असं का झालं? पहिलं कारण ट्युबरक्युलिन. हाताच्या कातडीत सुई टोचायची, दोन-तीन दिवसांनी माणसाला परत बोलवायचं आणि उठलेली गाठ मोजायची. ज्या बाईला दवाखान्यात यायला दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ती परत येत नाही. शिवाय ज्याच्या सीडी-फोर पेशी फार खालावल्या आहेत, त्याच्या हातावर गाठ उठतच नाही. म्हणजे ज्याला गोळीची गरज सर्वाधिक, तोच या चाळणीतून गळायचा. दुसरं कारण एक्स-रे. अंगात लपलेला क्षय वगळण्यासाठी छातीचा फोटो हवा, आणि आफ्रिकेतल्या खेड्यातल्या दवाखान्यात यंत्र नाही. तिसरं कारण मघाशी सांगितलेली भीती: चुकून आजारी माणसाला एकटं औषध गेलं तर दाद न देणारा क्षय पसरेल. याचा जमलेला पुरावा तपासणाऱ्यांना पुढे असं दिसलं की प्रतिबंधक गोळीमुळे अशा क्षयात लक्षणीय वाढ झालेली नाही. पण भीतीला पुरावा लागत नाही.

चौथ्या कारणाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण मला ते सगळ्यांत जड वाटतं. टीबीचं खातं वेगळं आणि एड्सचं खातं वेगळं होतं. दोघांची रजिस्टरं वेगळी, पैसा वेगळा, साहेब वेगळे. टीबीच्या डॉक्टरांचं काम रुग्ण बरा करणं, आणि एचआयव्हीचा निरोगी माणूस त्यांचा रुग्णच नव्हता. एड्सवाल्यांच्या दृष्टीनं क्षय हे शेजारच्या खोलीचं काम. गोळी मधल्या दारात पडून राहिली. २००४ साली बँकॉकच्या एड्स परिषदेत नेल्सन मंडेलांनी हेच बजावलं होतं, की क्षयाशी लढल्याशिवाय एड्सशी लढता येणार नाही. ते अनुभवानं बोलत होते. तुरुंगात असताना १९८८ साली त्यांना स्वतःला क्षय झाला होता.

डोळे उघडायला मात्र एक आपत्ती घडावी लागली. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात टुगेला फेरी नावाचं खेडं आहे. तिथे एक जुनं मिशन रुग्णालय आहे. २००५ च्या सुमारास तिथे एचआयव्हीची औषधं घेणारी, तब्येत सुधारत असलेली माणसं अचानक मरू लागली. थुंकी तपासली तेव्हा जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणारा क्षय सापडला. अशा ५३ रुग्णांपैकी ५२ मरण पावले. थुंकी घेतल्यापासून मृत्यूपर्यंतचे दिवस सरासरीनं सोळा. ज्यांची एचआयव्हीची तपासणी झाली होती, ते सगळेच्या सगळे बाधित निघाले. त्यांतल्या अनेकांना हा जंतू घरी मिळाला नव्हता. तो त्याच रुग्णालयाच्या वॉर्डात, शेजारच्या खाटेवरून आला होता.

या बातमीनं जग हादरलं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तीन गोष्टींचा एकत्र आग्रह धरला: एचआयव्हीबाधितांत क्षय कसून शोधा, ज्यांना नाही त्यांना आयसोनियाझिड द्या, आणि दवाखान्यात संसर्ग रोखा. यातली तिसरी गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण तशी ती नाही. पेरूमधल्या लिमा शहरात संशोधकांनी रुग्णालयांतली हवा मोजली, तेव्हा उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या, बंदिस्त इमारतींपेक्षा कितीतरी सुरक्षित निघाल्या. उघडी खिडकी फुकट मिळते. मिरजेच्या वानलेसवाडीपासून शिवडीपर्यंत ज्यांनी क्षयाची जुनी रुग्णालयं पाहिली आहेत, त्यांना मोकळ्या हवेचं हे महत्त्व सांगायला नको.

पण खरी गाठ सोडवली ती चार प्रश्नांनी. हाइलेयेसुस गेटाहुन हे मूळचे इथिओपियाचे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेत काम करत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या आठ हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांची जुनी माहिती एकत्र केली आणि विचारलं, की एक्स-रे नाही, सुई नाही, फक्त तोंडी विचारपूस केली तर क्षय कितपत वगळता येतो? सध्या खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलंय का? रात्री घाम फुटतो का? चारांचंही उत्तर 'नाही' असेल, तर त्या माणसाला क्षय नसण्याची खात्री बहुतेक ठिकाणी सत्त्याण्णव टक्क्यांच्या पुढे जाते. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत हे चार प्रश्न आले आणि ट्युबरक्युलिनची सक्ती गेली. यंत्र नसलेल्या दवाखान्यातली परिचारिकाही आता गोळी सुरू करू शकत होती. एवढा साधा उपाय सापडायला इतकी वर्षं लागावीत, याची मला आजही हळहळ वाटते.

दरम्यान दोन धडे मिळाले, आणि ते गोळीचा डांगोरा पिटणाऱ्यांच्या सोयीचे नव्हते. बोट्स्वानात सहा महिन्यांच्या आणि छत्तीस महिन्यांच्या औषधाची तुलना झाली. जास्त काळ औषध घेणाऱ्यांना जास्त संरक्षण मिळालं. सहा महिन्यांवर थांबलेल्यांचं संरक्षण मात्र काही महिन्यांतच ओसरू लागलं. दुसरा धडा दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतला. 'थिबेला' म्हणजे सेसोथो भाषेत 'अटकाव कर'. या नावाच्या मोहिमेत जवळपास २४,००० खाणकामगारांना, एचआयव्ही असो वा नसो, एकगठ्ठा गोळ्या दिल्या. गोळी घेत असेपर्यंत क्षय घटला. गोळी थांबली, खाणीतली कोंदट हवा आणि सिलिकाची धूळ तशीच राहिली, आणि क्षय होता तिथे परत आला. जिथे जंतू रोज नव्यानं श्वासातून आत येतो, तिथे कालचा जंतू मारून भागत नाही.

गोळीची किंमत शेवटी आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानच्या चाचणीनं पटवली. तिथल्या २,०५६ एचआयव्हीबाधितांच्या या अभ्यासात दोन प्रश्न होते: एचआयव्हीचं औषध लगेच सुरू करावं का, आणि जोडीला सहा महिने आयसोनियाझिड द्यावं का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर २०१५ मध्ये आलं आणि त्यानं उपचारांचं धोरण बदलायला हातभार लावला. दुसऱ्याचं उत्तर २०१७ मध्ये पूर्ण झालं. सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात, सुरुवातीला फक्त सहा महिने आयसोनियाझिड घेतलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होतं. नुसता क्षय टळतो एवढंच आतापर्यंत दिसलं होतं. जीव वाचतो, हे इथे दिसलं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. क्षय टाळण्याचा सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे एचआयव्हीची औषधं, ज्यांना आपल्याकडे एआरटी म्हणतात. एकट्या त्यांनीच क्षयाचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी उतरतो, कारण पहारेकरी पुन्हा उभे राहतात. गोळी ही त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही.

भारतात एचआयव्ही सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्ण नोंदला गेला. पुढची पंधरा-वीस वर्षं मुंबई, पुणे, सांगली या भागांनी जे पाहिलं ते सांगायला आजही अनेक घरांत कोणी तयार नसतं. क्षय हा इथल्या एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा सोबती आजार होता, आणि बऱ्याच वेळा एचआयव्ही लक्षात यायचा तोच क्षयामुळे. ज्या टीबीचं नाव मागच्या पिढीनं शेजारपाजाऱ्यांपासून लपवलं, त्याच टीबीच्या आड नव्या आजाराचं नाव लपवण्याची वेळ लोकांवर आली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी मिळू लागली. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं.

पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही टाळण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत संशोधन चालू होतं. त्यातून न शोधलेलं एक उत्तर हाती लागलं. २००२ ते २००५ या काळात बाळंतपणानंतर पाठपुरावा झालेल्या ७१५ बाधित मातांपैकी २४ जणींना क्षय झाला. ज्यांना तो झाला, त्या माता आणि त्यांची बाळं दगावण्याचं प्रमाण इतरांहून कितीतरी जास्त निघालं. मग गरोदरपणातच आयसोनियाझिड द्यावं का? डॉ. अमिता गुप्ता यांच्या पुढाकारानं आठ देशांत, पुण्यासह, ९५६ गरोदर स्त्रियांवर ही चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला तो धक्का देणारा होता. गरोदरपणात गोळी सुरू केलेल्यांत गर्भपात, मृत जन्म, कमी दिवसांची किंवा कमी वजनाची बाळं यांसारख्या घटना २३.६ टक्के होत्या, बाळंतपणानंतर सुरू केलेल्यांत १७ टक्के. इतर काही पाहण्यांत असं नुकसान दिसलेलं नाही, म्हणून गरोदर स्त्रीला गोळी सरसकट नाकारू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण या चाचणीनं डॉक्टरांना सावध केलं, आणि ते योग्यच झालं.

देशपातळीवर भारत बराच काळ काठावर उभा राहिला. इथली मुख्य शंका दोन गोष्टींची होती. एक, आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू इथे कमी नाहीत. पुढच्या राष्ट्रीय पाहणीत नव्या क्षयरुग्णांतही ते प्रमाण सुमारे ११ टक्के निघालं. दोन, संसर्ग पुन:पुन्हा होणाऱ्या देशात सहा महिन्यांचं संरक्षण किती टिकणार? चेन्नईच्या क्षय संशोधन केंद्रात डॉ. सौम्या स्वामिनाथन यांच्या चमूनं ७१२ बाधितांवर याची तपासणी केली. एका गटाला सहा महिने आयसोनियाझिड आणि इथॅम्ब्युटॉल मिळून, दुसऱ्याला छत्तीस महिने नुसतं आयसोनियाझिड. दोन्हींच्या निकालांत ठामपणे बोट ठेवावं असा फरक दिसला नाही. २०१२ मध्ये हे छापून आलं. तरी सर्व एआरटी केंद्रांवर ही गोळी पोचवण्याचं राष्ट्रीय धोरण अमलात यायला २०१६-१७ उजाडलं. हैतीतल्या निष्कर्षाला तोवर जवळपास पंचवीस वर्षं झाली होती.

आता औषधच बदलतं आहे. रोज सहा महिने गोळी गिळणं निरोगी वाटणाऱ्या माणसाला जड जातं, आणि अनेक जण मध्येच सोडतात. रिफापेंटीन हे औषध आयसोनियाझिडसोबत आठवड्यातून एकदा, असं बारा आठवडे घेतलं तरी पुरतं. दहा देशांतल्या ३,००० बाधितांवरच्या चाचणीत तर दोन्ही औषधं रोज घेतल्यास एका महिन्यातच नऊ महिन्यांच्या आयसोनियाझिडइतकं काम होतं, असं २०१९ मध्ये दिसलं. अडचण किमतीची होती. सानोफी कंपनीचं हे औषध सरकारी कार्यक्रमांनाही एका माणसामागे ४५ डॉलरला पडे. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, हैदराबादला क्षयरोगावरची जागतिक परिषद भरली असताना, ते १५ डॉलरवर आणण्याचा करार जाहीर झाला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या मॅक्लिओड्स कंपनीची दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळी तेवढ्याच किमतीत बाजारात आली. आधी दर आठवड्याला नऊ गोळ्या घ्याव्या लागत, आता तीन. बारा आठवड्यांच्या मिळून ३६ गोळ्या, बस्स.

२०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत देशांनी शब्द दिला की २०२२ पर्यंत ६० लाख एचआयव्हीबाधितांना प्रतिबंधक उपचार देऊ. प्रत्यक्षात १ कोटी १३ लाखांना तो मिळाला. क्षयाविषयीची उद्दिष्टं गाठली जाणं इतकं दुर्मीळ आहे की याचं समाधान मानायलाच हवं. पण त्याच बैठकीत क्षयरुग्णांच्या घरातल्या २ कोटी ४० लाख माणसांबद्दलही शब्द दिला होता, आणि त्यांतल्या जेमतेम ४२ लाखांपर्यंत औषध पोचलं. २००० साली एचआयव्ही असलेल्या सुमारे पावणेसात लाख माणसांचा बळी क्षयानं घेतला होता. मुख्यतः एआरटीमुळे, आणि काही अंशी या गोळीमुळे, २०२३ साली हा आकडा १,६१,००० वर आला.

या १,६१,००० मृत्यूंकडे 'उरलेले' म्हणून पाहू नये. त्यांतले बहुतेक टाळता येण्यासारखे होते. आपल्या ओळखीत कोणी एआरटी घेत असेल, तर पुढच्या वेळी केंद्रावर जाताना एवढं विचारायला सांगा: मला टीबी प्रतिबंधाचं औषध दिलं गेलं आहे का, आणि नसेल तर का नाही. हे औषध सरकारी एआरटी केंद्रावर मोफत मिळतं.